सिनेमाची डिस्क, भाड्याचा पडदा आणि घरची हार्डडिस्क : माल नेमका कुणाचा?

कापडाच्या पेढीवर थान फाडले, पैसे मोजून घेतले, की ते कापड गिऱ्हाइकाचे झाले. त्याने त्याचा सदरा शिवावा, खिडकीला पडदा करावा किंवा चार पैसे जास्त घेऊन शेजाऱ्याला विकावे. दुकानदाराला विचारण्याचे त्याला कारण नाही. मंडपवाल्याचा हिशोब वेगळा. कनात, गाद्या, देग हे सारे त्याचे. आपण दोन दिवसांचे भाडे देतो आणि वलीमा उरकला की माल परत करतो. बै आणि इजारा, म्हणजे विक्री आणि भाडे, हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि दोहोंच्या शर्ती वेगळ्या आहेत, हे आपल्यातला लहान दुकानदारही जाणतो. सिनेमाच्या बाजारात मात्र गेल्या दहा वर्षांत हे दोन व्यवहार असे मिसळले आहेत की, विक्रीचे पैसे देऊन हाती भाड्याचा हक्क पडतो आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

कापडवाल्याने सिनेमाच्या डिस्कवर का लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर मालेगावात आहे. ज्या शहरात यंत्रमाग चालतात, तिथे शुक्रवारी माग बंद असतात आणि मागवाल्याच्या हाती आठवड्याचा पगार असतो. हा पैसा हॉटेलात, बाजारात आणि सिनेमात फिरतो. नव्वदच्या दशकात त्याचा मोठा वाटा व्हिडिओ पार्लरने घेतला. एक व्हीसीआर, एक रंगीत टीव्ही, चार बाकडी, एवढ्यावर दुकान उभे राही. पुढे सीडी आली आणि पार्लरबरोबर सीडी विकणाऱ्यांची, भाड्याने देणाऱ्यांची, प्लेअर दुरुस्त करणाऱ्यांची, शादीचे शूटिंग करणाऱ्यांची एक रांगच तयार झाली. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव या तिन्ही ठिकाणी कापडाच्या बाजारालगत ही दुकाने होती. त्यांतली बहुतेक आज मोबाईलची कव्हरे आणि चार्जर विकतात.

मालेगावाने तर याच्या पुढे मजल मारली. नासिर शेख यांनी स्वतःचे व्हिडिओ पार्लर चालवता चालवता 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. कलाकार मागावरचे आणि हॉटेलातले. या मंडळींच्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी 2008 मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यानंतर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट 28 फेब्रुवारी 2025 रोजी थिएटरात लागला आणि थोड्याच दिवसांत प्राइम व्हिडिओवर गेला. गंमत पाहा. पार्लरच्या आणि सीडीच्या जोरावर ज्या शहराने सिनेमा केला, त्या शहराची गोष्ट आता त्याच शहरातल्या माणसाला वर्गणी भरूनच पाहता येते. वर्गणी संपली की गोष्टही बंद.

28 रुपयांचा भाव

व्हीसीडीचा जमाना ज्यांनी धंदा म्हणून पाहिला, त्यांना तिचा दर्जा आठवत असेल. चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचे, म्हणजे व्हीएचएस कॅसेटच्या तोडीचे, वर नाही. एका डिस्कवर 74 ते 80 मिनिटे मावत, म्हणून हिंदी चित्रपट दोन किंवा तीन डिस्कचा असे आणि मध्येच उठून डिस्क बदलावी लागे. तरीही ती चालली, कारण प्लेअर स्वस्त होता आणि कॅसेटसारखी फीत अडकत नव्हती. डीव्हीडी 1996 मध्ये जपानात आली. चित्र 720 गुणिले 576, जागा 4.7 जीबी, दोन थरांची असली तर 8.5 जीबी. आपल्याकडे तिला पाय रोवायला दहा वर्षे लागली, कारण कंपनीची डीव्हीडी कित्येक शे रुपयांना आणि नकली डिस्क फुटपाथवर तीस-चाळीसला.

हे गणित मोजर बेअर या कंपनीने मोडले. ही कंपनी 1983 साली सुरू झाली. आधी फ्लॉपी, 1999 पासून कोऱ्या सीडी, असे करत ती जगातल्या अव्वल कोऱ्या डिस्क बनवणाऱ्यांत गेली. हिंदी आणि प्रादेशिक चित्रपटांचे हक्क घेऊन तिने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली. असली माल नकलीच्या भावात! किराणा दुकानात, पानाच्या गादीवर, स्टेशनवर डिस्क दिसू लागल्या. नकलीचा धंदा करणाऱ्यांचे कंबरडे मोडले हे खरे. परंतु त्याबरोबर इमानदारीने भाड्याची लायब्ररी चालवणाराही गेला. 28 रुपयांत चित्रपट कायमचा मिळत असेल, तर एक दिवसासाठी दहा-पंधरा रुपये कोण देणार? आणि ज्या दुकानदाराचा नफा एका डिस्कमागे पाच-सात रुपये होता, त्याच्या नफ्याला जागाच उरली नाही. कापडात आपण हे पाहिले आहे. मोठा गिरणीवाला नुकसान सोसून भाव पाडतो, आधी छोटा मरतो, मग तोही टिकत नाही. मोजर बेअरचे प्रकरण 2017 मध्ये दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले आणि सप्टेंबर 2018 मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला.

तोवर बाजारात दुसरा गडी उतरला होता. हॉटस्टार 2015 मध्ये, नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये, ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरात. पण खरी उलथापालथ सप्टेंबर 2016 ची. जिओ सुरू झाले, डेटाचा भाव पाण्यासारखा झाला आणि मागावर काम करणाऱ्या पोराच्या खिशातच पार्लर आले. पुढच्या दोन-तीन वर्षांत सीडीचे गल्ले एकामागून एक उठले. यात कुणाला दोष देण्यासारखे नाही. गिऱ्हाईक स्वस्त आणि सोयीच्या वाटेने जाते.

परदेशातही हेच. नेटफ्लिक्सने 1998 पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने दिल्या, एकूण 5 अब्ज 20 कोटी डिस्क पाठवल्या आणि 29 सप्टेंबर 2023 रोजी ते दुकान बंद केले. शेवटच्या डिस्क गिऱ्हाइकांनी परत करू नयेत, ठेवून घ्याव्यात, असे सांगण्यात आले. रस्त्यावर डिस्क देणारी सुमारे 24 हजार यंत्रे लावलेली रेडबॉक्स ही अमेरिकी कंपनी 2024 मध्ये बुडाली. बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने त्याच वर्षी चित्रपटांच्या डिस्क विकणे सोडले. सॅमसंगने नवे ब्लू-रे प्लेअर काढणे 2019 मध्ये थांबवले आणि एलजीने 2024 च्या अखेरीस आपली मशिने बंद केली.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग विषय संपला, डिस्क मेली. पण थांबा.

कांजी दिलेला माल

एकाच अर्जाची दोन थाने घ्या. एकात ताणा-बाणा दाट, दुसऱ्यात विरळ. विरळ कापडाला घट्ट कांजी देऊन इस्त्री मारली की गिऱ्हाइकाला दोन्ही सारखी वाटतात. पहिल्या धुण्यात कांजी जाते आणि मग कापड जाळीसारखे दिसू लागते. स्ट्रीमिंगच्या ‘4के’ चे असेच आहे. ठिपक्यांची संख्या डिस्कइतकीच सांगितली जाते आणि ती खोटीही नसते. परंतु त्या ठिपक्यांत माहिती किती भरली आहे, ते कुणी सांगत नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे 4के पाहताना ताशी सुमारे 7 जीबी डेटा लागतो, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला 14 जीबी. तोच चित्रपट 4के ब्लू-रे डिस्कवर 66 किंवा 100 जीबीच्या डिस्कमध्ये येतो आणि त्यातली बरीचशी जागा व्यापतो. हा फरक भर उन्हातल्या दृश्यात कळत नाही. रात्रीचे दृश्य, धूर, पाऊस, समुद्र आला की अंधारात चौकटी आणि पट्टे दिसू लागतात. आवाजाचेही तसेच. डिस्कवर तो मुळातला, काटछाट न करता येतो. तारेवरून येणारा दाबून बसवलेला असतो. त्यात संध्याकाळी नेट मंद झाले की यंत्रणा आपसूक दर्जा खाली आणते.

अर्थात मोबाईलच्या पडद्यावर किंवा 32 इंची टीव्हीवर पाहणाऱ्याला यातले काही जाणवणार नाही, आणि आपल्याकडच्या शंभरांतल्या नव्वद घरांचा कारभार तेवढ्यावरच चालतो. जुन्या व्हीसीडीपेक्षा आजचा साधा मोबाईलवरचा चित्रपटही कितीतरी स्वच्छ असतो. म्हणून दर्जाच्या नावाने डिस्कची बाजू घेणाऱ्यांनी 28 रुपयांच्या व्हीसीडीचे गोडवे गाऊ नयेत. ती गोष्ट ब्लू-रेची आहे, आणि ब्लू-रे आपल्याकडे शौकिनांपलीकडे कधी गेलाच नाही.

‘खरेदी’ची पावती

माझ्या दृष्टीने मोठा प्रश्न दर्जाचा नाही, मालकीचा आहे. महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला निदान ठाऊक असते की हे भाडे आहे. भाड्याच्या शर्ती मधेच बदलतात, एवढीच तक्रार. प्राइम व्हिडिओने जून 2025 पासून भारतात चालू वर्गणीच्या आत जाहिराती सुरू केल्या. जाहिराती नकोत तर वर्षाला 699 रुपये वेगळे. ज्याने वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते, त्याला मंडपवाल्याने लग्नाच्या मध्यावर येऊन कनातीवर आपल्या जाहिरातीची पाटी लावावी, तसे झाले. दुकानेही जागा बदलतात. एचबीओच्या मालिका 31 मार्च 2023 ला हॉटस्टारवरून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ही दोन्ही दुकानेच एक होऊन जिओहॉटस्टार झाले. गिऱ्हाइकाने मालाच्या मागे किती दारे ठोठावायची?

कधी माल दुकानातून नाहीसाच होतो. ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट डिसेंबर 2023 च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आला आणि आक्षेप घेतले गेल्यावर जानेवारी 2024 मध्ये काढून टाकण्यात आला. चित्रपट चांगला की वाईट, आक्षेप योग्य की अयोग्य, हा या पानाचा विषय नाही. व्यापाऱ्याने पाहायचे ते इतकेच, की विकलेली डिस्क कुणी घरात शिरून नेऊ शकत नाही, आणि वर्गणीवरचा चित्रपट एका बटणाने सगळ्या घरांतून एकदम जातो. डिस्ने कंपनीने तर ‘विलो’ ही स्वतःची मालिका नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू करून मे 2023 मध्ये स्वतःच उतरवली. तिची डिस्क कधी निघाली नव्हती. पैसे वाचवण्यासाठी मालकानेच माल गोदामात टाकून कुलूप लावले.

पण वर्गणी सोडा, ‘बाय’ असे लिहिलेल्या बटणाचे काय? पुरी किंमत मोजून घेतलेल्या डिजिटल चित्रपटाचे काय? अमेरिकेत मोठमोठ्या स्टुडिओंनी मिळून 2011 मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाचे एक कपाट उघडले होते. डिस्क घ्या, तिचा हक्क या कपाटात कायमचा ठेवा, असा वायदा होता. 31 जुलै 2019 रोजी कपाट बंद झाले. सोनीने डिसेंबर 2023 मध्ये प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांना कळवले की, डिस्कव्हरीचे तुम्ही विकत घेतलेले कार्यक्रम वर्षअखेरीस तुमच्या खात्यातून जातील. ओरड झाली, तेव्हा परवान्याची मुदत निदान 30 महिन्यांनी वाढवली गेली. म्हणजे हक्क परत मिळाला नाही, भाडेपट्टा वाढला. या साऱ्यावरून कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. डिजिटल मालाला ‘खरेदी’ म्हणायचे असेल तर हा फक्त परवाना आहे, मालकी नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. कायद्याने माल गिऱ्हाइकाचा केलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. फक्त पावतीवर खरे लिहायला लावले आहे.

आणि एक बाब. डिस्क वारसाने मुलाला जाते. मित्राला उसनी देता येते, जुन्या बाजारात चार आण्याला का होईना विकता येते. खात्यातला चित्रपट मरणानंतर कुणाचा? बहुतेक कंपन्यांच्या शर्तींत खाते दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय नाही. तरक्यात तो मोजायचाच कसा?

डिस्कही अमर नाही

डिस्कवाल्यांनी यावर फार फुगून जाऊ नये. वॉर्नर ब्रदर्सने 2025 मध्ये मान्य केले की, 2006 ते 2008 दरम्यान बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आतून खराब होत आहेत, आणि त्या बदलून देण्याची तयारी दाखवली. ही कंपनीत दाबून बनवलेल्या डिस्कची कथा. घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या डिस्कचे तर विचारूच नका. तिच्यात माहिती रंगाच्या एका पातळ थरावर लिहिलेली असते आणि रंग उडतो, हे कापडवाल्याला कुणी शिकवायला नको. ऊन, ओल, वरून चिकटवलेला कागद, बॉलपेनने लिहिलेले नाव, यांपैकी प्रत्येक गोष्ट तिचे आयुष्य कमी करते. आपल्या घरांतल्या निकाहाच्या, मंगनीच्या, हजच्या निरोपाच्या बहुतेक सीडी याच जातीच्या आहेत. सिनेमा पुन्हा कुठे तरी मिळेल. मरहूम वालिदांचा आवाज ज्या सीडीवर आहे, ती एकच आहे.

कोकणातल्या वाचकांच्या घरी याच्याही आधीचा साठा असेल. ऐंशीच्या दशकात आखातातून येणारा माणूस व्हीसीआर घेऊन येई आणि गावातल्या शादीची कॅसेट परत कुवेत, दुबई, बहारीनला जाई. त्या कॅसेट आज कपाटात आहेत. कोकणच्या हवेत फितीवर बुरशी धरते. आणि ती लावायला मशीन नाही, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, जुलै 2016 मध्ये काम थांबवले. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट बनवणे सोडले.

न राखलेल्या मालाचे काय होते, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. हिंदुस्थानातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. अर्देशिर इराणींचा हा चित्रपट आज कुणाकडे नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये स्थापन झाले, तोवर किती तरी चित्रपटांच्या रिळांतली चांदी वेगळी काढून बाकीची भंगारात गेली होती. मालेगावच्या चित्रपटांचे असे होऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या जुन्या सीडींचे खोके आजच उघडावे. हे चित्रपट रिळांवर नव्हते, व्हिडिओवर होते, आणि त्यांच्या प्रती घरोघरीच्या सीडींवर विखुरलेल्या आहेत.

घरचे गोदाम

तिसरा मार्ग हार्डडिस्कचा. आपल्या मालकीच्या डिस्क आणि कॅसेट उतरवून घरच्या हार्डडिस्कवर ठेवायच्या आणि टीव्हीवर पाहायच्या. हिशोब सोपा आहे. दोन डिस्कची व्हीसीडी साधारण 1.4 जीबी, मोठी डीव्हीडी 8 जीबी. 4 टीबीच्या एका हार्डडिस्कवर अशा 500 डीव्हीडी किंवा अडीच हजारांवर व्हीसीडी मावतात. एक कपाटभर माल मुठीत आला. कोडी आणि जेलीफिन ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. प्लेक्सही आहे, पण त्याने एप्रिल 2025 मध्ये दर वाढवले आणि घराबाहेरून पाहण्यासाठी पैसे लावले. घरचे गोदामही दुसऱ्याच्या किल्लीने उघडत असेल तर ते घरचे कसले? म्हणून जाणकार जेलीफिनकडे वळत आहेत.

हार्डडिस्क मात्र खाली पडली की संपली. न पडताही एक दिवस बंद पडते. गोदामात आग लागली तर सारा माल एकाच ठिकाणी नको, हे आपण विमेवाल्याकडून शिकलो आहोत. इथला कायदा तीन प्रतींचा. दोन वेगवेगळ्या यंत्रांवर, आणि तिसरी दुसऱ्या घरात, भावाकडे किंवा लेकीकडे. वर्षातून एकदा लावून पाहावी. रमजानच्या आधी घर आवरताना हे काम केले तर विसर पडत नाही.

कायद्याची रेघ

यात हात घालण्याआधी कायदा समजून घ्यावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली दुसऱ्याच्या चित्रपटाच्या प्रती काढून विकल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. महाराष्ट्राने 2009 मध्ये झोपडपट्टी दादांच्या कायद्यात व्हिडिओ पायरेटही घातले, म्हणजे खटल्याआधीच स्थानबद्ध करता येते. चित्रपटाची डिस्क धंद्यासाठी भाड्याने देण्याचा हक्कसुद्धा हक्कमालकाचा असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये, परदेशातून रीतसर विकत आणलेल्या असली डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका दुकानाविरुद्धच तसा निकाल दिला. आणि 2012 च्या दुरुस्तीपासून, हक्क मोडण्याच्या हेतूने डिस्कवरचे कुलूप तोडणे हाही गुन्हा आहे. सबब दुकानदाराने आपली रेघ अशी आखावी. गिऱ्हाईक स्वतःच्या घरातील शादीची, मुलांची, सभेची कॅसेट घेऊन आले तर काम घ्यावे. चित्रपटाची डिस्क देऊन ‘वीस पेनड्राइव्ह भरून द्या’ म्हणाले तर हात जोडावेत. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात चित्रपट भरून देणारी पोरे आजही दिसतात. दहा-वीस रुपयांसाठी ती कुठला धोका पत्करतात, हे त्यांच्या बापाने त्यांना सांगावे.

हुन्नर ज्याच्या हाती

आता कामाची गोष्ट. नव्या डिस्क विकून कुणाचे घर चालेल, असे मला वाटत नाही. अमेरिकेत तबकड्या, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्ड, परत आल्या. 2022 मध्ये तिथे त्यांची विक्री 4 कोटी 10 लाखांवर आणि सीडींची 3 कोटी 30 लाखांवर होती. 1987 नंतर प्रथमच रेकॉर्ड पुढे गेली. त्याचा हवाला देऊन काही जण जुन्या व्हीसीडी भरून ठेवतात. परंतु रेकॉर्डला मोठे पाकीट असते, चित्र असते, हातात घेण्याचा शौक असतो. प्लॅस्टिकच्या पन्नीतल्या व्हीसीडीला तो मान मिळेल, अशी चिन्हे नाहीत. ज्यांच्याकडे जुना साठा आहे त्यांनी त्यातून स्ट्रीमिंगवर न मिळणारे चित्रपट, नाटके, कव्वालीचे कार्यक्रम आणि स्थानिक चित्रपट तेवढे वेगळे काढावेत. बाकीचा पॉलिकार्बोनेट म्हणून भंगारात जाईल.

काम आहे ते उतरवून देण्याचे. प्रत्येक मोहल्ल्यात शेकडो कॅसेट आणि हजारो सीडी मरणाच्या वाटेवर आहेत. आणि या धंद्याला लागणारा कारागीर आपल्याकडे आहे. ज्याने नव्वदच्या दशकात व्हीसीआरचे हेड स्पिरिटने पुसले, रबराचा पट्टा बदलला, तुटलेली फीत जोडली, तो माणूस अजून पन्नास-साठीत आहे. दहा वर्षांनी नसेल. त्याच्या हाताखाली एक पोरगा आताच बसवला पाहिजे.

दर ठरवताना एक गोष्ट विसरू नये. सीडी काही मिनिटांत उतरते, कॅसेट नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. मशीन घाई करत नाही. म्हणजे एका मशीनवर दिवसाला तीन, फार तर चार कॅसेट. जॉब वर्कचा हिशोब जसा मागाच्या तासावर करतो, तसा इथे मशीनच्या तासावर करावा, नगावर नव्हे. बुरशीची कॅसेट सरळ मशीनमध्ये घालू नये. हेड घाण होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चांगली फीतही खराब होते. तिचा दर वेगळा, काम वेगळे. उतरवलेली प्रत गिऱ्हाइकाला दोन ठिकाणी द्यावी, मूळ कॅसेट परत द्यावी, आणि आपल्या संगणकावरची प्रत त्याच्या समोर पुसावी. घरातल्या बायकांच्या महफिलीच्या, मेहंदीच्या कॅसेट असतात. ही अमानत आहे. असे गिऱ्हाईक एकदा समाधानी झाले की आपल्या दहा नातेवाइकांना पाठवते, आणि एकदा त्याचा विश्वास गेला की मोहल्ल्यात दुकान चालत नाही.

मशीन घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. जुन्या बाजारात व्हीसीआर मिळतात, परंतु दुकानदार लावून दाखवतो तेव्हा आपली स्वतःची, चांगली माहीत असलेली कॅसेट बरोबर न्यावी, त्याची नव्हे. पुढे, मागे, थांबवून, तिन्ही तऱ्हेने चालवून पाहावी. चित्राच्या तळाशी पांढरी रेघ नाचत असेल तर फीत जागेवर बसत नाही. ते बहुधा जुळवून घेता येते. चित्रच बर्फासारखे पडत असेल तर हेड मळले आहे की झिजले आहे ते पुसून पाहावे, आणि झिजले असेल तर मशीन सुट्या भागांसाठीच घ्यावे, त्याच भावात. दोन मशीन एकाच कंपनीची घेतली तर एकाचे पट्टे, मोटर दुसऱ्याला लागतात.